बोलायचं कोणाशी?

चेन्नईहून बंगळूरच्या महामार्गाला लागलं, की श्रीपेरंबुदूर मागे पडल्यावर सुंगुवारछत्रम लागतं. नावातला ‘छत्रम’ म्हणजे वाटसरूंची धर्मशाळा. आता या पट्ट्यात धर्मशाळांपेक्षा कारखान्यांच्या बसच जास्त दिसतात. इथं सॅमसंगचा कारखाना २००७ सालापासून आहे. फ्रीज, वॉशिंग मशीन आणि टीव्ही तिथं तयार होतात. ९ सप्टेंबर २०२४ रोजी तिथले हजाराहून अधिक कामगार संपावर गेले आणि पुढचे ३७ दिवस त्यांनी कामाला हात लावला नाही.

या ३७ दिवसांत दोन कागद तयार झाले. मध्यस्थी म्हणजे काय, हे ज्याला समजून घ्यायचं आहे त्यानं ते दोन्ही शेजारी ठेवून पाहावेत.

पहिला कागद ७ ऑक्टोबरचा. तमिळनाडू सरकारच्या मंत्र्यांनी पुढाकार घेतला आणि कंपनीनं कामगारांच्या एका समितीबरोबर समझोता केला. मार्चपर्यंत दरमहा ५,००० रुपयांचा तात्पुरता भत्ता, वातानुकूलित बस वाढवणं आणि आणखी काही सवलती असं त्यात होतं. मंत्र्यांनी संप मिटल्याचं जाहीरही करून टाकलं. संपावरचे कामगार मात्र मंडपातून हलले नाहीत. त्यांचं म्हणणं एवढंच होतं, की ज्यांच्याशी करार झाला ते आमच्या वतीनं बोलत नाहीत. दोनच दिवसांत पोलिसांनी मंडप उखडला, धरपकड झाली आणि वातावरण आणखी तापलं.

दुसरा कागद १५ ऑक्टोबरचा, कामगार खात्याच्या समेट अधिकाऱ्यापुढे झालेला. त्यात चारच गोष्टी होत्या. कामगारांनी संप मागे घेऊन कामावर यावं. केवळ संपात होते म्हणून कंपनीनं कुणावर कारवाई करू नये. कामगारांनी उत्पादनाला सहकार्य करावं. आणि युनियननं दिलेल्या मागणीपत्राला कंपनीनं समेट अधिकाऱ्यापुढे लेखी उत्तर द्यावं. पगारवाढीचा एक रुपया त्यात नव्हता. युनियनला मान्यता देण्याविषयीही अक्षर नव्हतं. तरी संप मिटला.

पाच हजारांचा कागद नाकारला आणि दमडी नसलेला स्वीकारला, हे वरवर पाहता वेडेपणाचं वाटेल. डोंगर पोखरून उंदीर काढला, असंही तेव्हा म्हणता आलं असतं. पण लेबर ऑफिसच्या पायऱ्या ज्यांनी झिजवल्या आहेत त्यांना त्या चौथ्या कलमाचं वजन कळेल. मागणीपत्र देणारा कोण, हेच जी कंपनी मान्य करत नव्हती, तिला आता त्या मागणीपत्राला लेखी उत्तर द्यायचं होतं, तेही सरकारी अधिकाऱ्यासमोर. उत्तर ‘नाही’ असं आलं तरी ते कुणाला तरी उद्देशून येणार होतं.

भांडण मुळात त्याच ‘कुणाला’चं होतं. कामगारांनी ‘सिटू’ या डाव्या कामगार महासंघाच्या पाठिंब्यानं ‘सॅमसंग इंडिया वर्कर्स युनियन’ स्थापन केली आणि जुलै २०२४च्या सुरुवातीला नोंदणीसाठी अर्ज केला. कंपनीनं हरकत घेतली, की आमचं व्यापारी नाव युनियनला वापरता येणार नाही. अर्ज खात्यात पडून राहिला. आमच्या कामगारांशी आम्ही थेट बोलू, मध्ये बाहेरचं कुणी नको, अशी कंपनीची भूमिका होती. खुद्द दक्षिण कोरियातही सॅमसंगनं ‘युनियन नको’ हे धोरण अनेक दशकं चालवलं होतं. मे २०२० मध्ये कंपनीचे प्रमुख ली जे-योंग यांनी जाहीर माफी मागून ते सोडत असल्याचं सांगितलं. सुंगुवारछत्रमपर्यंत ती बातमी यायला वेळ लागला, असं म्हणू या.

*

‘बाहेरचा माणूस’ ही हरकत चेन्नईला नवी नाही. तिथली पहिली मोठी कामगार संघटना याच हरकतीशी झगडत उभी राहिली.

उत्तर चेन्नईत, पेरांबूरला, बिन्नी कंपनीच्या बकिंगहॅम आणि कर्नाटिक या दोन गिरण्या होत्या. जवळच जी. सेल्वपती चेट्टियार यांचं कापडदुकान होतं. गिरणीतली माणसं तिथं टेकायची, मनातलं बोलायची: दुपारच्या जेवणाला मिळणारी तोकडी सुटी, मुकादमाची मारहाण, वाढती महागाई. चेट्टियार आणि त्यांचे सहकारी रामानुजुलू नायडू हे गाऱ्हाणं घेऊन बी. पी. वाडिया यांच्याकडे गेले. वाडिया मुंबईचे पारशी, थिऑसॉफिस्ट, ॲनी बेझंट यांच्या ‘न्यू इंडिया’ पत्रात काम करणारे. २७ एप्रिल १९१८ रोजी मद्रास लेबर युनियन स्थापन झाली आणि वाडिया तिचे अध्यक्ष झाले. भारतातली पहिली आधुनिक कामगार संघटना म्हणून तिचं नाव घेतलं जातं.

गिरणीच्या व्यवस्थापनाला वाडियांशी बोलायचं नव्हतं. १९२० मध्ये टाळेबंदी झाली आणि कंपनी थेट मद्रास हायकोर्टात गेली. वाडिया आमच्या कामगारांना नोकरीचा करार मोडायला लावतात, म्हणून त्यांना मनाई करावी आणि नुकसानभरपाई वसूल करावी, असा दावा होता. कोर्टानं मनाई दिली. पुढे तडजोड झाली ती अशी, की वाडियांनी युनियनशी संबंध तोडावा आणि कंपनीनं दाव्याचा आग्रह सोडावा. हीसुद्धा तडजोडच. फक्त कामगारांच्या बाजूनं बोलणारा माणूस हीच तिची किंमत होती. त्यानंतर काही महिन्यांतच, १९२१ साली, त्या गिरण्यांत प्रदीर्घ संप झाला, त्यात जातीवरून फूट पडली आणि पुळियन्तोप भागात दंगली उसळल्या. वाटाघाटीला विश्वासाचा माणूस उरला नाही की भांडण कुठल्या दिशेला जाईल, याचा नेम राहत नाही.

इथं एका मराठी माणसाचा प्रवेश होतो. कुलाबा जिल्ह्यातल्या गोरेगावचे नारायण मल्हार जोशी तेव्हा केंद्रीय विधिमंडळात होते. मद्रासच्या निकालानं ते हादरले. संघटना बांधली म्हणून पुढाऱ्यावर नुकसानभरपाईचा दावा लागत असेल तर उद्या मुंबईतही तेच होणार, हे उघड होतं. मार्च १९२१ मध्ये त्यांनी युनियनच्या नोंदणीसाठी आणि संरक्षणासाठी कायदा करावा असा ठराव मांडला. कायदा यायला पाच वर्षं गेली. १९२६च्या ट्रेड युनियन कायद्यानं नोंदलेल्या युनियनला आणि तिच्या पदाधिकाऱ्यांना अशा दिवाणी दाव्यांपासून कवच दिलं. पण त्या कायद्यानं एक गोष्ट केली नाही. मालकानं युनियनशी बोललंच पाहिजे, असं बंधन घातलं नाही. नोंदणी एक आणि मान्यता दुसरी. सुंगुवारछत्रमचं भांडण याच फटीतून वर आलं.

*

आता शब्दांचा थोडा उलगडा, कारण वर्तमानपत्रांत ते सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात.

मध्यस्थ निकाल देत नाही. तो दोन्ही बाजूंना बोलतं करतो, सही करायची की नाही ते त्यांच्या हाती. लवाद ऐकतो आणि निवाडा देतो. कामगार न्यायालय किंवा औद्योगिक न्यायाधिकरण कायद्याच्या चौकटीत निकाल देतं. समेट अधिकारी हा सरकारनं नेमलेला मध्यस्थ. १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यात त्याचं काम सांगताना मध्यस्थी करणं आणि तडजोड घडवणं असेच शब्द होते. तमिळमध्ये वाटाघाटीला ‘पेच्चुवार्त्तै’ म्हणतात. ‘पेच्चु’ म्हणजे बोलणं, ‘वार्त्तै’ म्हणजे शब्द. आपल्या ‘बोलणी’चाच हा सख्खा भाऊ. कामगार, मालक आणि सरकार असे तिघं बसले की ती ‘मुत्तरप्पु’, म्हणजे त्रिपक्षीय.

तमिळनाडूच्या कामगार आयुक्तांचं कार्यालय चेन्नईत तेनामपेटला आहे. राज्यभरातल्या समेट अधिकाऱ्यांच्या टेबलांवर जे चालतं ते कायद्याच्या पुस्तकात फारसं सापडत नाही. पहिल्या तारखेला दोन्ही बाजू आपापली ठरलेली वाक्यं म्हणतात. ही वाक्यं समोरच्यासाठी कमी आणि आपल्याच माणसांसाठी जास्त असतात. युनियनच्या पुढाऱ्याला संध्याकाळी गेट मीटिंगमध्ये सांगायचं असतं, की मी काय काय सुनावलं. एचआरच्या साहेबालाही मुख्यालयाला अहवाल धाडायचा असतो. मुरलेला अधिकारी हे सगळं निमूटपणे होऊ देतो आणि मग दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवतो. खरी बोलणी तिथं सुरू होतात. एका खोलीत तो विचारतो, ‘दहा कलमांपैकी कोणत्या दोनांशिवाय तुम्ही गेटवर तोंड दाखवू शकत नाही?’ दुसऱ्या खोलीत विचारतो, ‘पैसे देण्यात अडचण आहे, की इतर कारखान्यांना पायंडा पडेल याची?’ उत्तरं त्याच्यापाशीच राहतात. एका खोलीतलं दुसऱ्या खोलीत कळलं, तर पुढच्या तारखेला त्याच्याशी मोकळं बोलायला कुणी येणार नाही.

मग कामाची वाटणी होते. सोपं आधी, अवघड नंतर, आणि सगळ्यात अवघड त्याच्यासाठी वेगळी तारीख. १५ ऑक्टोबरच्या कागदात हेच केलेलं दिसतं. नोंदणीचा प्रश्न कोर्टासाठी सोडला, पगाराचा प्रश्न लेखी उत्तरापर्यंत ढकलला, आणि त्या दिवशी फक्त ‘कामावर या’ आणि ‘सूड घेऊ नका’ एवढंच पदरात पाडून घेतलं. कुणी याला चालढकल म्हणेल. मला तो कारागिरीचा भाग वाटतो.

कराराचं कायदेशीर वजनही कुठं सही झाली यावर ठरतं. १९४७च्या कायद्यात समेट अधिकाऱ्यापुढे झालेला करार कारखान्यातल्या सगळ्या कामगारांना बांधायचा, युनियनचा सभासद असो वा नसो, आज कामावर असलेला असो वा उद्या लागणारा. दोघांनी परस्पर केलेला करार फक्त सही करणाऱ्यांना बांधायचा. तमिळनाडूत कामगार पहिल्याला ‘ट्वेल्व्ह-थ्री’ आणि दुसऱ्याला ‘एटीन-वन’ म्हणून ओळखतात, कलमांच्या आकड्यांवरून. एसटीसारख्या तिथल्या परिवहन महामंडळांचे वेतनकरार ‘ट्वेल्व्ह-थ्री’चे असायचे, आणि साधा कंडक्टरसुद्धा त्यातला फरक सांगू शकतो.

परिवहनाचंच उदाहरण घ्या. जानेवारी २०१८, पोंगल तोंडावर, आणि राज्यभर बस बंद. मूळ पगाराला कितीनं गुणायचं यावर वाद होता. सरकार २.४४ म्हणत होतं, युनियन २.५७. फरक ०.१३चा, म्हणजे दहा हजारांच्या मूळ पगारावर १,३०० रुपये. संपाचे आठ दिवस झाल्यावर मद्रास हायकोर्टानं निवृत्त न्यायमूर्ती ई. पद्मनाभन यांच्याकडे हा वाद सोपवला. सध्या २.४४ प्रमाणे घेऊन कामावर या, उरलेलं ते बघतील, असा मार्ग निघाला. बस सुरू झाल्या आणि माणसं सणाला गावी पोचली. पद्मनाभन यांना कुठल्या बातमीत मध्यस्थ म्हटलं, कुठल्या बातमीत लवाद. कामगारांच्या लेखी महत्त्वाचं होतं ते हे, की ०.१३चा हिशेब आता सरकारचा मंत्री करणार नव्हता.

कारण या संपात सरकार स्वतःच मालक होतं. सॅमसंगच्या संपात ते मालक नव्हतं, पण परक्या गुंतवणुकीचं यजमान होतं. एकाच मंत्रिमंडळातला उद्योगमंत्री गुंतवणुकीच्या शोधात परदेशी जातो आणि कामगारमंत्री त्याच गुंतवणूकदाराला वाटाघाटीला बसवतो. दोघांचा हेतू प्रामाणिक असेलही, पण समोर बसलेल्या कामगाराला दोन्ही टोप्या एकाच डोक्यावर दिसतात. ब्रिटनमध्ये १९७०च्या दशकात ‘एकास’ ही समेटाची संस्था मंत्र्यांच्या हुकमाबाहेर ठेवून उभी केली, ती याचसाठी. गंमत म्हणजे चेन्नईत असा सरकारबाहेरचा मध्यस्थ मिळणं अवघड नाही. कोर्टाशी जोडलेलं देशातलं पहिलं मध्यस्थी केंद्र मद्रास हायकोर्टात २००५ साली सुरू झालं. ते उभारण्यात पुढे असलेले ज्येष्ठ वकील श्रीराम पंचू यांना पुढे सुप्रीम कोर्टानं अयोध्येच्या वादातही मध्यस्थ मंडळावर घेतलं. घरांच्या वाटण्या, व्यापारी भागीदाऱ्या, घटस्फोट यांसाठी हा रस्ता रुळला. कारखान्याच्या गेटवरचं भांडण मात्र अजून मंत्र्याच्या दालनातच जातं.

*

वाद वरून मिटवण्याच्या पद्धतीवर मद्रासचे एक कामगारमंत्रीच नाखूश होते. व्ही. व्ही. गिरी, पुढे राष्ट्रपती झाले तेच. रेल्वे कामगारांच्या चळवळीतून आलेले गिरी १९३७ साली राजाजींच्या मंत्रिमंडळात कामगार खातं सांभाळत होते, आणि १९५२ मध्ये केंद्रात कामगारमंत्री झाले. वाद न्यायाधिकरणाकडे ढकलण्याची सक्ती म्हणजे युनियनचा मोठा शत्रू, असं त्यांचं ठाम मत होतं. निकाल वरून येतो आहे म्हटल्यावर दोघंही एकमेकांशी बोलायचं सोडतात आणि वकिलांशी बोलू लागतात. त्यांचा आग्रह होता समोरासमोरच्या वाटाघाटींचा. १९५४ मध्ये बँक कर्मचाऱ्यांसाठीच्या निवाड्यात सरकारनं फेरफार केला तेव्हा त्यांनी राजीनामा दिला.

सक्तीच्या समेटाला आपल्याकडेही जोरदार विरोध झाला होता. १९३८ मध्ये मुंबई प्रांताच्या सरकारनं औद्योगिक विवादांचा कायदा आणला. संपाआधी समेटाची प्रक्रिया पार पाडलीच पाहिजे, नाहीतर संप बेकायदा, असा त्याचा रोख होता. स्वतंत्र मजूर पक्षाचे डॉ. आंबेडकर त्याविरुद्ध उभे राहिले, कम्युनिस्टांच्या जोडीनं ७ नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबईत एक दिवसाचा संपही झाला. आंबेडकरांचा विरोध चर्चेला नव्हता. चर्चा संपेपर्यंत कामगाराचे हात बांधलेले राहणार आणि मालकाचे मोकळे, याला होता.

आणि मान्यतेचा काच महाराष्ट्राइतका कुणी सोसला असेल? १८ जानेवारी १९८२ला मुंबईतले सुमारे अडीच लाख गिरणी कामगार दत्ता सामंतांच्या मागे संपावर गेले. पण मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानं प्रातिनिधिक युनियन होती राष्ट्रीय मिल मजदूर संघ. ज्यांच्यामागे कामगार होते त्यांच्याशी बोलायची गरज नव्हती, आणि ज्यांच्याशी बोलायचं त्यांच्यामागे कामगार नव्हते. तो संप मागे घेतल्याची घोषणाही कधी झाली नाही. विशेष असं, की त्याआधीच, १९७१ मध्ये, महाराष्ट्रानं इतर उद्योगांसाठी कायदा केला होता. सहा महिने किमान ३० टक्के सभासद दाखवणाऱ्या युनियनला औद्योगिक न्यायालयाकडून मान्यता मिळू शकते, आणि मान्यताप्राप्त युनियनशी सद्भावनेनं बोलणी न करणं ही मालकाची अनुचित प्रथा ठरते. गिरण्यांना मात्र जुनाच कायदा लागू होता. तमिळनाडूत तर मान्यतेचा असा कायदाच नव्हता. पुण्याच्या चाकणमधला एखादा पुढारी ज्या कलमावर बोट ठेवू शकला असता, ते सुंगुवारछत्रमच्या पुढाऱ्याला उपलब्ध नव्हतं.

आता देशभर चित्र बदलतं आहे. औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेली युनियन ही वाटाघाटीची युनियन. तेवढा कुणालाच नसेल तर २० टक्क्यांवरच्या युनियनचं मिळून मंडळ. म्हणजे ‘बोलायचं कोणाशी’ याचं उत्तर आता केंद्रीय कायद्यात लिहिलं गेलं. रोजच्या तक्रारींसाठी, म्हणजे पाळी बदलली, मेमो दिला, रजा नाकारली अशांसाठी, वीस किंवा जास्त कामगारांच्या कारखान्यात तक्रार निवारण समिती हवी. तिच्यात दोन्ही बाजूंचे सारखे सदस्य, स्त्रियांना योग्य प्रमाणात जागा, आणि निर्णय ३० दिवसांत. तिथं समाधान झालं नाही तर कामगार युनियनमार्फत समेट अधिकाऱ्याकडे जाऊ शकतो. समेट फसला तर न्यायाधिकरणात जाण्यासाठी सरकारच्या परवानगीची वाट बघायची गरज उरलेली नाही. पूर्वी ती किल्ली सरकारच्या खिशात होती.

पण त्याच संहितेत आंबेडकरांची जुनी शंका पुन्हा डोकावते. संपाची १४ दिवसांची नोटीस आता सगळ्याच कारखान्यांना बंधनकारक आहे, आणि समेटाची प्रक्रिया सुरू असताना व नंतरचे सात दिवस संप करता येत नाही. नोटीस मिळताच अधिकाऱ्यानं पहिली बैठक घेतली, की संपाचं दार बंद. मध्यस्थी ही बसण्याची खुर्ची असते, इथं तिला दोरीही बांधलेली आहे. दोरी किती आवळली जाते हे त्या तेनामपेटसारख्या कार्यालयांतले अधिकारी ठरवतील.

सुंगुवारछत्रममध्ये पुढे काय झालं? डिसेंबर २०२४ मध्ये मद्रास हायकोर्टानं नोंदणीच्या अर्जावर सहा आठवड्यांत निर्णय घ्यायला सांगितलं, आणि २७ जानेवारी २०२५ रोजी युनियनची नोंदणी झाली, ‘सॅमसंग’ या नावासकट. लगेच फेब्रुवारीत युनियनच्या तिघांचं निलंबन झालं, कामगारांनी कारखान्यातच ठिय्या दिला आणि तो महिनाभर चालला. मे महिन्यात वेतनकरार झाला: तीन वर्षांत मिळून दरमहा १८,००० रुपयांची वाढ, पहिल्या वर्षी ९,००० आणि पुढची दोन वर्षं प्रत्येकी ४,५००. अर्ज केल्यापासून नाव नोंदवून मिळायला जवळजवळ सात महिने लागले होते. नाव नोंदल्यावर पगाराचा आकडा ठरायला, मधला ठिय्या धरूनही, चार महिने पुरले.